हिवाळ्यापूर्वी ये : हिमातील नाताळ आणि आप्तांचे दार

अभ्यासासाठी वचने : २ तीमथ्य ४:९-२१, लूक १:३९-५६, लूक २:१-७, उत्पत्ती ३३:१-१७, रोमकरांस पत्र १२:९-१८



नाताळ सण आणि आप्तांच्या भेटी यांचे नाते फार जुने आहे. दिल्ली, भोपाळ, हैदराबाद, बडोदे अशा ठिकाणी नोकरीनिमित्त स्थायिक झालेली आपली मराठी ख्रिस्ती कुटुंबे महिनोन्‌महिने आधी रेल्वेचे आरक्षण करतात, ती आपल्या गावच्या मंडळीत नाताळची उपासना करावी आणि घरच्या करंज्या-चकल्यांचे ताट सर्वांनी मिळून संपवावे म्हणून. आता यात आणखी एक प्रवास मिळाला आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले, भाचरे, पुतणे अमेरिका, कॅनडा, जर्मनी अशा देशांत राहतात आणि वृद्ध आईवडील नाताळच्या सुटीत त्यांच्याकडे जातात. भेटकार्डांवर पाहिलेले हिम तेथे प्रत्यक्ष दारात पडलेले असते. ते सुंदर असते, आणि ते जीवघेणेही असते.

अशा हिमाच्छादित देशातील नाताळची सुटी आप्तांच्या सहवासात घालवताना पवित्र शास्त्र आपल्याला काय शिकवते, याचा या पाठात आपण क्रमाने विचार करू. जे आपले गाव सोडून कोठेही जाणार नाहीत त्यांनाही हा पाठ लागू आहे. कारण दार सर्वांच्याच घराला असते.

१. पवित्र शास्त्रातील हिम आणि हिवाळा

बेथलेहेम हे यहूदाच्या डोंगराळ मुलखातील गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. तेथील हिवाळा पावसाचा आणि बोचऱ्या थंडीचा असतो. हिम क्वचित पडते, पण पडते. डिसेंबर २०१३ मध्ये यरुशलेमेत इतके हिम पडले की शहराचे रस्ते बंद झाले होते. तेव्हा शास्त्राच्या लेखकांना हिम अपरिचित नव्हते. दावीदाचा वीर बनाया याने हिम पडले असताना गुहेत उतरून सिंह मारल्याचे आपण वाचतो (२ शमुवेल २३:२०). स्तोत्रकर्ता हिमाला लोकरीची उपमा देतो आणि लगेच पुढे सांगतो की देव आपले वचन पाठवतो तेव्हा ते वितळते (स्तोत्र १४७:१६-१८). यशया पापक्षमेच्या शुभ्रतेसाठी हिमाकडे बोट दाखवतो (यशया १:१८). आणि तोच संदेष्टा असेही सांगतो की आकाशातून पडलेले हिम भूमी भिजवल्यावाचून परत जात नाही, तसेच देवाचे वचन निष्फळ होत नाही (यशया ५५:१०-११).

मात्र शास्त्र हिमाचे केवळ सौंदर्य पाहत नाही. नीतिसूत्रांच्या एकतिसाव्या अध्यायातील सद्गुणी स्त्रीला आपल्या घरच्यांसाठी हिमाची भीती वाटत नाही. का? कारण तिने सर्वांना आधीच उबदार वस्त्रे दिली आहेत (३१:२१). तिचा निर्भयपणा तिच्या पूर्वतयारीतून आला आहे. विश्वास आणि तयारी यांत विरोध नाही, हे येथे लक्षात घ्यावे.

याच संदर्भात पौलाचे शेवटचे पत्र वाचा. प्रेषित रोम येथे बंदिवासात आहे. देमास सोडून गेला आहे, जवळ केवळ लूक आहे. अशा वेळी तो तीमथ्याकडे काय मागतो? त्र्योवस येथे कार्पाच्या घरी राहिलेला झगा, पुस्तके, आणि स्वतः तीमथ्याचे येणे. आणि एकविसाव्या वचनात तो मुदत घालतो : हिवाळ्यापूर्वी ये. त्या काळी भूमध्य समुद्रावरील जलप्रवास साधारणपणे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत थांबत असे. हिवाळ्यापूर्वी तीमथ्य निघाला नाही तर वसंत ऋतूपर्यंत येऊ शकणार नव्हता. आणि आपल्या प्रयाणाची वेळ जवळ आली आहे, हे पौल त्याच अध्यायात सांगून चुकला होता (४:६). तीमथ्य वेळेवर पोहोचला की नाही, हे शास्त्र सांगत नाही. तो प्रश्न जणू आपल्यासाठी मोकळा ठेवला आहे. ज्या वृद्ध आत्याला, ज्या दुरावलेल्या भावाला "पुढच्या नाताळला नक्की भेटू" असे आपण गेली कित्येक वर्षे कळवत आलो आहोत, त्यांच्या आयुष्यात किती नाताळ उरले आहेत हे आपल्याला ठाऊक नाही.

२. अलीशिबेचे घर : पाहुणा आणि यजमान

नाताळच्या वृत्तांतातील पहिली आप्तभेट येशूच्या जन्मापूर्वीच घडली. गब्रीएल देवदूताकडून अलीशिबेचे वर्तमान ऐकल्यावर मरीया लगबगीने डोंगराळ प्रदेशात गेली. नासरेथहून यहूदाच्या डोंगरांपर्यंतची वाट पायी कित्येक दिवसांची होती. या भेटीतून चार गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट : भेटीची सुरुवात अभिवादनाने झाली. मरीयेकडे सांगण्यासारखे केवढे मोठे वर्तमान होते! तरी तिने आधी अलीशिबेला सलाम केला. आप्तांच्या घरात पाऊल टाकताच आपल्या प्रवासाच्या हालांचा पाढा वाचणे किंवा आपल्या मुलांच्या यशाची यादी देणे, हे या उदाहरणाशी जुळत नाही.

दुसरी गोष्ट : वयाने वडील असलेल्या अलीशिबेने लहान मरीयेचा सन्मान केला. तिच्या स्वतःच्या घरात देवाने चमत्कार केला होता, तरी तिने मत्सर केला नाही. कोणाचा मुलगा परदेशी गेला, कोणाच्या मुलीचे लग्न जमले, कोणी घर बांधले, या तुलनेने आप्तांच्या किती भेटी नासतात! दुसऱ्याच्या आशीर्वादाने ज्याला आनंद होतो, त्याच्याच घरी पाहुणा मोकळेपणाने बोलू शकतो.

तिसरी गोष्ट : त्या घरी एक मुका मनुष्य होता. जखऱ्याला बोलता येत नव्हते. आपल्या प्रत्येक विस्तृत कुटुंबात असा कोणीतरी असतोच : ऐकू न येणारे आजोबा, सर्वांच्या गप्पांत गप्प बसणारी विधवा सून, परदेशात वाढलेला आणि मराठी न समजणारा नातू. भेटीच्या गजबजाटात त्याच्याजवळ बसायला कोणाला तरी वेळ असला पाहिजे.

चौथी गोष्ट : मरीया सुमारे तीन महिने राहिली आणि मग आपल्या घरी परत गेली. राहणे आणि परतणे या दोहोंना वेळ आहे. शेजाऱ्याच्या घरी पाऊल वारंवार टाकू नये, असे नीतिसूत्रे २५:१७ सांगते. हिमाच्या देशात ही सूचना अधिकच अर्थपूर्ण ठरते. कारण तेथे दारे-खिडक्या दिवसभर बंद असतात, अंगणात जाऊन बसता येत नाही आणि सहा माणसांच्या घरात बाराजण आठवडाभर कोंडले जातात. म्हणून पाहुण्याने किती दिवस राहणार हे आधी सांगावे, सकाळी दारापुढचे हिम फावड्याने दूर करण्यास हात लावावा, स्वयंपाकघरातील भांडी विसळावीत आणि यजमानाला दिवसातून थोडा एकांत मिळू द्यावा. यजमानानेही वृद्ध पाहुण्याला उबदार कपडे, न घसरणारे बूट आणि भाषा समजणारी सोबत मिळेल असे पाहावे.

या दृष्टीने जर्मनीतील रीत लक्ष देण्याजोगी आहे. तेथे २४ डिसेंबरची सायंकाळ बहुतेक घरी जवळच्या कुटुंबापुरती राखून ठेवतात. उपासना, मुलांचे नाताळनाट्य आणि भेटवस्तू त्याच सायंकाळी. २५ आणि २६ डिसेंबर हे दोन्ही दिवस सार्वजनिक सुटीचे असून ते विशेषतः आजी-आजोबा, काका, मावश्या यांच्या भेटींसाठी असतात. आपल्या घरासाठी एक वेळ आणि आप्तांसाठी दुसरी, अशी विभागणी केल्याने दोन्ही कर्तव्ये पार पडतात आणि सुनेला सासर-माहेर यांपैकी एकाची निवड करावी लागत नाही.

३. बंद दार आणि उघडे दार

आता एक अलीकडची सत्य घटना पाहू. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात ईरी सरोवराच्या पूर्व टोकाला बफेलो हे शहर आहे. हिवाळ्याच्या आरंभी सरोवराचे पाणी हवेपेक्षा उबदार असते. थंड वारा त्यावरून वाहताना बाष्प उचलतो आणि किनाऱ्यावर पोहोचताच ते हिमाच्या रूपाने टाकून देतो. म्हणून या शहराला मोठ्या हिमवर्षावाची सवय आहे. परंतु २३ डिसेंबर २०२२ रोजी, नेमके आप्तांच्या घरी जाण्याच्या दिवशी, जे हिमवादळ सुरू झाले त्याने या सरावलेल्या लोकांनाही हतबल केले. सुमारे ३७ तास वादळाचा जोर टिकला. समोरचे काही दिसत नव्हते. चार फुटांहून अधिक हिम पडले. अग्निशमनाची आणि रुग्णवाहिकेची वाहनेही रुतून बसली. त्या परिसरात चाळीसहून अधिक माणसे दगावली. काही रस्त्यावर, काही मोटारीत, काही उष्णता बंद पडलेल्या घरात, तर काही हिम उपसताना हृदयक्रिया बंद पडून.

त्या वादळात अडकलेल्या एका गृहस्थाने रात्री एकामागून एक सुमारे दहा घरांची दारे ठोठावली. जमिनीवर झोपू द्या, पैसे देतो, अशी विनवणी केली. सर्वांनी नकार दिला. शेवटी त्याने जवळच्या एका शाळेची खिडकी फोडून आत प्रवेश केला आणि वाटेत अडकलेल्या इतरांनाही आत घेतले. वृद्ध, मुले, पाळीव जनावरे धरून वीसहून अधिक जीव तेथे वाचले. जाताना त्याने क्षमा मागणारी चिठ्ठी लिहून ठेवली. पोलिसांनी त्याला शिक्षा न करता त्याचे आभार मानले.

त्याच दिवशी, त्याच परिसरात, नायगारा धबधबा पाहण्यास निघालेल्या दक्षिण कोरियातील पर्यटकांची गाडी हिमात रुतली. फावडे मागण्यासाठी त्यांच्यातील दोघे जवळच्या एका घरी गेले. घरच्या पतिपत्नींनी फावडे देण्याऐवजी चालकासह दहाही जणांना घरात बोलावले. नाताळच्या दिवसापर्यंत ते सर्व तेथेच राहिले. योगायोगाने त्या घरी कोरियन स्वयंपाकाचे जिन्नस होते. पाहुण्यांनी स्वयंपाक केला आणि सर्वांनी एकत्र बसून जेवण केले.

वाचकहो, ज्या दहा घरांनी दार उघडले नाही त्यांचा न्याय करण्याची घाई आपण करू नये. रात्रीची वेळ, अनोळखी मनुष्य, घरात मुलेबाळे; भीती वाटणे स्वाभाविक होते. आपण मात्र स्वतःला विचारावे : त्या रात्री आपण काय केले असते?

हा प्रश्न बेथलेहेमेत विचारला गेलेलाच आहे. लूक २:७ मध्ये आपल्या मराठी शास्त्रात 'उतारशाळा' असा शब्द आहे. तेथील मूळ ग्रीक शब्द 'कतालुमा' हाच लूक २२:११ मध्ये वल्हांडणाच्या भोजनासाठीच्या खोलीला वापरला आहे. उलट चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातील उतारशाळेसाठी लूकने निराळा शब्द योजला आहे (१०:३४). म्हणून अनेक अभ्यासक म्हणतात की ती जागा म्हणजे एखाद्या घरातील पाहुण्यांची खोली असावी. बेथलेहेम हे योसेफाच्या पूर्वजांचे गाव होते. हा अर्थ घेतला तर वृत्तांत आपल्या अधिकच जवळ येतो : पाहुण्यांची खोली आधीच भरलेली होती, आणि जन्मलेल्या बाळासाठी गव्हाणीची जागा मिळाली. दाटीवाटीच्या घरात कोठेतरी जागा करून देणे, हा नाताळच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. "आमच्याकडे जागा नाही" असे आपण आप्तांना कळवतो तेव्हा जागा खरोखर घरात नसते की मनात, हे पाहणे आवश्यक आहे.

४. जुना वाद आणि उंबरठा

घरातील जागेपेक्षा मनातील जागा अधिक अडचणीची असते. वडिलोपार्जित जमिनीची वाटणी, आईच्या दागिन्यांवरून झालेले बोलणे, लग्नात न मिळालेला मान, या कारणांनी एकाच मंडळीत एकाच बाकावर बसणारे सख्खे भाऊ परस्परांच्या घरी जात नाहीत, ही आपल्या समाजातील दुःखाची गोष्ट आहे.

चार्ल्स डिकन्स या इंग्रज कादंबरीकाराने १८४३ च्या डिसेंबरात 'ए ख्रिसमस कॅरोल' ही कथा प्रसिद्ध केली. स्क्रूज या कंजूष म्हाताऱ्याला रात्री तीन आत्मे भेटतात, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु त्या कथेतील आप्तांचा धागा सहज नजरेतून सुटतो. स्क्रूजच्या दिवंगत बहिणीचा मुलगा फ्रेड नाताळच्या आदल्या दिवशी मामाच्या कचेरीत येऊन जेवणाचे निमंत्रण देतो. मामा ते झिडकारतो. भाचा रागावत नाही. निमंत्रण मागेही घेत नाही. दुसऱ्या दिवशी बदललेला स्क्रूज भाच्याच्या घरी जातो, तेव्हा दार ठोठावण्याचे धैर्य होण्याआधी तो कित्येकदा त्या दारावरून पुढे जातो. डिकन्सने येथे मानवी स्वभाव अचूक ओळखला आहे. पश्चात्ताप झाला तरी उंबरठा ओलांडणे कठीणच असते. म्हणून आतल्या माणसाने दार बंद करू नये आणि बाहेरच्याने परत फिरू नये.

उत्पत्तीच्या तेहेतिसाव्या अध्यायात याकोब आणि एसाव वीस वर्षांनी भेटतात. याकोबाने भावाला फसवले होते. भेटीपूर्वी त्याने देणग्या पाठवल्या, रात्रभर प्रार्थनेत झुंज दिली आणि सात वेळा भूमीपर्यंत नमन केले. एसाव मात्र धावत आला आणि त्याच्या गळ्यात पडला. त्यानंतर एक गोष्ट घडली जिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. दोघे भाऊ एकत्र राहिले नाहीत. एसाव सेईरास गेला आणि याकोब सुक्कोथास. पुढे पित्याला पुरताना मात्र दोघे एकत्र उभे होते (३५:२९). समेट म्हणजे सर्व मतभेद मिटणे किंवा एका छताखाली राहणे नव्हे. वैर संपले आणि आईवडिलांच्या कबरेशी बरोबर उभे राहता आले, तरी पुष्कळ साधले. पौलही म्हणतो की आपल्याकडून शक्य असेल तितके सर्वांबरोबर शांतीने राहावे (रोम १२:१८). दुसऱ्याच्या वाटेचे आपल्या हाती नसते. आपल्या वाटेचे असते.

यासोबत योसेफाचा उपदेशही ध्यानात ठेवावा. भावांना पित्याकडे पाठवताना त्याने त्यांना वाटेत भांडू नका असे बजावले (उत्पत्ती ४५:२४). नाताळच्या भेटीत जुना हिशोब काढू नये. तो काढणे अपरिहार्यच असेल, तर त्यासाठी वेगळा दिवस ठरवावा, आणि मुलांसमोर तर मुळीच काढू नये.

५. प्रवासासंबंधी काही सूचना

हिमाच्या देशात आप्तांकडे जाणाऱ्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात. हवामान खात्याने वादळाचा इशारा दिला असेल तर निघू नये. न आल्याबद्दल यजमानाने मनात रोष धरू नये. निघण्याची वेळ आणि मार्ग दोन्ही घरी कळवावा. मोटारीत घोंगडी, पाणी, खाण्याचे पदार्थ, विजेरी आणि फावडे ठेवावे. गाडी रुतल्यास ती सोडून अनोळखी वाटेने चालत जाऊ नये. यंत्र चालू ठेवायचे असेल तर धूर बाहेर सोडणारी नळी हिमाने बुजलेली नाही ना हे आधी पाहावे. नाहीतर विषारी वायू गाडीत साचून झोपेतच मृत्यू ओढवतो. हृदयविकार असलेल्यांनी आणि वृद्धांनी हिम उपसण्याचे काम करू नये. नीतिसूत्रांतील सद्गुणी स्त्रीची तयारी ती हीच.

आणि जे येऊ शकत नाहीत त्यांचे काय? हिमालयात सीमेवर पहारा देणारा सैनिक, रुग्णालयात रात्रपाळी करणारी परिचारिका, प्रवासखर्च न परवडणारा भाऊ. यांच्यासाठी नाताळच्या दिवशी जेवणापूर्वी नाव घेऊन प्रार्थना करावी, आणि त्याच दिवशी त्यांना दूरध्वनी करावा. पौलाला झगा हवा होता, तितकीच सोबतही हवी होती.

मनन आणि चर्चेसाठी प्रश्न

१. "हिवाळ्यापूर्वी ये" असे आज आपल्याला कोण म्हणत असेल?

२. आपल्या घरातील 'जखऱ्या' कोण? त्याच्याजवळ कोण बसणार?

३. आपल्या घरी जागा करून देण्यासाठी यंदा काय बाजूला सारावे लागेल?

४. कोणत्या दारावरून आपण वर्षानुवर्षे पुढे जात आहोत? ते ठोठावण्यासाठी पहिले पाऊल कोणते?

५. रोम १२:१८ मधील "आपल्याकडून शक्य असेल तितके" याची मर्यादा आपण कोठे ठरवली आहे, आणि ती प्रभूला मान्य होईल काय?

हे प्रश्न कुटुंबाने एकत्र बसून वाचावेत. उत्तरे मोठ्याने सांगण्याची सक्ती नाही. परंतु एखादे नाव मनात आले असेल तर नाताळची वाट पाहू नये. आज रात्रीच पत्र लिहावे किंवा फोन लावावा. हिवाळा आपल्यासाठी थांबत नाही.